रिकाम्या कपाटाचे चेऊलकर सर

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक कपाट कायम रिकामं असायचं, आणि आमच्या चेऊलकर सरांना त्याचा भारी अभिमान होता. दुसरा कुठलाही ग्रंथपाल पाहुण्याला भरलेलं कपाट दाखवील. पुसलेल्या काचा, लावलेलं कुलूप, आत ओळीनं मांडलेला माल. आमचे सर पाहुण्याला हाताला धरून त्या कपाटापाशी न्यायचे, दार सताड उघडायचे आणि म्हणायचे, "बघा! एक नाही आत. सगळ्या बाहेर!" पाहुणा बिचारा काहीतरी असेल म्हणून वाकवाकून आत बघायचा.

ते डीव्हीडींचं कपाट होतं. संस्थेच्या कुणा विश्वस्ताला एकदा उमाळा आला आणि त्यानं शिकवणाऱ्या फिल्म घेण्यासाठी देणगी दिली. सरांनी तीनशेच्या वर डीव्हीडी जमवल्या. बेडकाची चिरफाड, पुलाचे खांब पाण्यात कसे उभे करतात, बँकेच्या मुलाखतीला कसं बसावं, खाडीवरचे पक्षी, असलं काय काय. आजूबाजूच्या कॉलेजांत अशा डीव्हीडी 'फक्त प्राध्यापकांसाठी' म्हणून कुलपात बसायच्या आणि प्राध्यापक काही त्या बघायचे नाहीत. सरांनी पहिल्या दिवसापासून त्या पोरांना घरी द्यायला सुरुवात केली. तीन दिवसांसाठी, पुस्तकासारख्या.

मी सहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा हे मला कुठं माहीत? पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या चारचौघींसारखी मी नीटनेटकी बाई. पहिल्याच आठवड्यात उरल्यासुरल्या डीव्हीडी नंबरवार लावल्या, कपाट पुसलं, घरून आणलेलं छोटं कुलूप लावलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. सर आले. कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आत काय लोणचं घातलंयस, वैशाली?"

"नाही सर, डीव्हीडी आहेत."

"मग मुरायला का ठेवल्यास?"

मी जात्याच तापट. कान लाल झाले माझे. कुलूप काढून पर्समध्ये टाकलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

डॅनियल चेऊलकर हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, वाळके, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि त्याच्या खिशात पेनाऐवजी पिवळ्या फ्लॅनेलचा तुकडा. डीव्हीडी परत आली की तो तुकडा बाहेर यायचा. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसणाऱ्या पोराला ते म्हणायचे, "अरे, ती पाटी आहे का? चरे पडतात तिला." पोरं चकतीला मधोमध बोट लावायची, तेव्हा सरांचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्यांच्या डोळ्यातच बोट घातलंय.

आडनावावरून लोकांना वाटायचं, हे आपले चौलकडचे कुणीतरी. होतेही चौलकडचेच. पण बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. घरात मराठी, ताटात नारळाच्या रसातली मासळी, आणि शनिवारी म्हणजे शनिवारी सुट्टी. मी लागल्यावर पहिल्या शनिवारी कॉम्प्युटर बंद पडला. मी फोन करून करून थकले, सरांनी उचलला नाही. सोमवारी मी तणतणले, तर म्हणाले, "आम्हांला कोकणात शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी आमचा घाणा बंद. बैल जोडला नाही कधी आमच्या आज्यापणज्यांनी, आणि मी तुझ्या कॉम्प्युटरसाठी फोन उचलू होय?"

त्या सुट्टीच्या बदल्यात ते रविवारी सकाळी लायब्ररी उघडायचे. सुरुवातीला एकटेच, पुढं मीही जायला लागले. आठवडाभर दुकानांत, क्लासेसमध्ये काम करून शिकणारी कामोठ्याची पोरंपोरी रविवारी यायची. अख्ख्या पनवेलात रविवारी उघडी राहणारी ही बहुधा एकच कॉलेज लायब्ररी असेल, आणि ती एका ज्यू माणसाच्या शनिवारामुळे उघडी असायची.

सरांचा एक नियम मात्र जगात कुठंच नव्हता. ते दंड घ्यायचे नाहीत. परत करताना डीव्हीडीत काय बघितलं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय डीव्हीडी जमा होत नसे. समोर खुर्ची ठेवलेली होती, पोरानं त्यावर बसायचं आणि सर एका जाड वहीत लिहून घ्यायचे. वहीचं नाव 'सांगणं'.

"हां. सांग."

"सर, खूप इन्फॉर्मेटिव्ह होती."

हा शब्द ऐकला की सर पेन खाली ठेवायचे. कामोठ्याच्या नीलेशचं सांगणं मी स्वतः ऐकलं आहे. त्यानं केमिस्ट्रीची टायट्रेशनची डीव्हीडी नेली होती.

"इन्फॉर्मेटिव्ह राहू दे. शेवटी चंबूत रंग कोणता आला?"

नीलेशनं छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"निळा, सर."

"जा घेऊन परत. आणखी तीन दिवस."

"सर, तीनदा नेली मी ही!"

"तीनदा नेलीस, बघितली एकदाही नाहीस. गुलाबी होतो तो. पण आता मी सांगितलं म्हणून चालणार नाही. डोळ्यांनी बघ जा."

रंग हे त्यांचं हुकमी हत्यार. न बघितलेल्या पोराला गोष्ट ढकलता यायची, रंग ढकलता यायचा नाही. पोरं त्यांना शिव्या घालत जिना उतरायची आणि त्याच जिन्यावर एकमेकांना रंग विचारायची. परीक्षेत मात्र नीलेशला बरोब्बर तोच प्रयोग आला. पेढे घेऊन आला मेला, आणि वर म्हणतो, "सर, गुलाबी!"

मला सुरुवातीला वाटायचं, काय हा माणूस! तीनशे फिल्म तोंडपाठ! मग ती जंगलाची भानगड झाली.

सह्याद्रीतल्या जंगलावरची एक डीव्हीडी होती. ती परत आली की सरांचा प्रश्न ठरलेला, "शेवटी कोणता प्राणी दिसतो?" पोरगं "वाघ" म्हणालं की पास. एका रविवारी मी ती सहज घरी नेली. मी आणि माझा नवरा वाघाची वाट बघत बसलो. झाडं आली, बुरशी आली, ओढा आला, पुन्हा बुरशी आली. नवरा म्हणाला, "अगं, वाघ कधी येणार? मला दूध आणायला जायचंय." शेवटी आली ती एक गोगलगाय. पानावरून जाणारी, तीही पाठमोरी. आणि फिल्म संपली.

सोमवारी मी वही काढून बसले. सगळा उलगडा झाला. ती डीव्हीडी पहिल्यांदा नेणाऱ्या बहाद्दरानं ती बघितलीच नव्हती. त्यानं ठोकून दिलं, "शेवटी वाघ येतो, सर." सरांनी ते वहीत लिहिलं, आणि तेव्हापासून उत्तर वाघ! ज्यांनी खरोखर बघून "गोगलगाय" सांगितलं, त्यांना सरांनी "मला मूर्ख समजतोस?" म्हणून परत पाठवलं होतं. आणि न बघणारे, जिन्यावर सिनियरला विचारून "वाघ" म्हणत दणादण पास होत होते.

मी वही सरांसमोर ठेवली. "सर, वाघ नाहीये."

"काय सांगतेस!"

"गोगलगाय आहे. मी बघितली. तुम्ही नाही बघितलीत?"

सर खिशातलं फ्लॅनेल काढून चष्मा पुसत बसले.

"मी यातली एकही बघितलेली नाही गं."

"एकही?"

"वाढप्यानं आधी जेवायचं नसतं. पंगत उठली की जेवायचं. घरी माझ्याकडे प्लेअरसुद्धा नाही."

तर हा माणूस पोरांच्या सांगण्यावर तीनशे फिल्म बघत होता! मला हसू आवरेना. सरांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. दुपारी नोटीस बोर्डावर त्यांच्या हातचा कागद लागला. 'खालील विद्यार्थ्यांनी जंगलाची डीव्हीडी प्रामाणिकपणे पाहिली होती. वाघ नव्हता. गोगलगाय होती. ग्रंथपाल दिलगीर आहे.' खाली पाच नावं. त्यातला एकजण कॉलेज सोडून कामोठ्यात मोबाइलच्या दुकानात लागला होता. सर स्कूटर काढून त्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बाळा, गोगलगायच होती." त्या पोराला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा म्हणे त्याचे डोळे भरून आले.

पण सगळ्यात गाजली ती पक्ष्यांची डीव्हीडी. उरणकडच्या एका कोळीवाड्यातून हर्षदा नावाची मुलगी यायची, बीएस्सीला. तिनं 'खाडीवरचे पक्षी' नेली ती महिना झाला तरी परत येईना. विचारलं की रडकुंडीला यायची. शेवटी एका रविवारी लायब्ररी बंद केल्यावर सर म्हणाले, "चल, जाऊन येऊ." मी स्कूटरवर मागे बसले आणि अख्खा रस्ता देवाचं नाव घेत गेले, कारण सर स्कूटर चालवताना मागे वळून बोलायचे.

हर्षदाच्या अंगणात जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत घातला होता. वर दोरी बांधलेली, आणि त्या दोरीला आमची डीव्हीडी टांगलेली! वाऱ्यावर गरगर फिरत होती, उन्हात चमकत होती. खाली हर्षदाची आजी काठी घेऊन बसली होती.

"आजी, ही चकती आमच्या लायब्ररीची आहे," सर म्हणाले.

"चोरली नाय आमी!" आजी ताडकन उठली. "पोरीचा कॉम्प्युटर बिघाडला. चकती पडून व्हती घरात. मी कावल्यांना टांगली. टांगल्यापासून एक कावला फिरकला नाय बगा. चांगली हाय चकती!"

"आजी, तिच्यात पक्ष्यांची फिल्म आहे."

"मंग कावल्यांनी बगितली आसंल," आजी म्हणाली.

मी तोंडाला पदर लावून हसत होते. हर्षदा दारामागे उभी, तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. सर मात्र त्या दोरीखाली मान वर करून शांत उभे होते.

"काय हाय हिच्यात?" आजीनं विचारलं. "कंची पाखरं?"

ज्या प्रश्नानं त्यांनी अख्ख्या पनवेलची पोरं घामाघूम केली, तोच प्रश्न त्या म्हातारीनं काठी आपटून विचारला. सर पुटपुटले, "फ्लेमिंगो वगैरे असतील."

"म्हंजे ती लाल पाखरं? मानेला बाक आसलेली?" आजी खूश झाली. "ती मला काय सांगता तुमी! मी ल्हान व्हते तवापासून बगते. थंडीत येतात, चिखलात उबी ऱ्हातात, चोच उलटी करून खातात. पाय बगावं त्यांचं! गुलाबी. शिजलेल्या कोलंबीवानी गुलाबी."

सरांनी स्कूटरच्या डिकीतून वही काढली. जवळ्याच्या वासात, उन्हात उभं राहून त्यांनी शब्दन्‌शब्द लिहून घेतला. मग म्हणाले, "आजी, तुम्ही पास."

"म्हंजे?"

"म्हणजे चकती जमा झाली."

पोरांना दाखवायला त्यांच्या डिकीत दोन बाद झालेल्या, चरे पडलेल्या चकत्या कायम असायच्या. त्या स्वतःच्या हातानं दोरीला बांधून दिल्या. आजीनं वाटाभर जवळा कागदात बांधून दिला. सर म्हणाले, "आमच्या धर्मात कोलंबी, जवळा चालत नाही, आजी. खवले असलेलाच मासा चालतो." आजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अरेरे!" इतक्या कळवळ्यानं मी कुणाला अरेरे म्हणताना ऐकलेलं नाही. जवळा मी नेला.

परत येताना खाडीपुलाजवळ सरांनी स्कूटर थांबवली. पाण्याकडे बघत म्हणाले, "निवृत्त झालो की पहिली ही बघणार." त्या चकतीला वाळलेल्या मासळीचा वास शेवटपर्यंत राहिला.

मग एक तपासणी समिती आली. प्राचार्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, "चेऊलकर, सगळ्या डीव्हीडी परत मागवा. कपाट भरलेलं दिसायला पाहिजे." सर म्हणाले, "परतीच्या तारखेआधी मागायचं म्हणजे भरल्या पानावरून उठवायचं. मला नाही जमणार." प्राचार्यांना वाटलं, म्हातारा बोलतो तसं, करील शेवटी. समिती आली, प्राचार्यांनी थाटात दार उघडलं, आणि आत दोन डीव्हीडी! प्राचार्यांचा चेहरा मला अजून आठवतो. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "बाकीच्या कुठं आहेत?" सरांनी 'सांगणं'ची वही पुढं केली. त्या बाई उभ्या उभ्या वाचायला लागल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. गोगलगायीपाशी पोचल्या तेव्हा फिदीफिदी हसायला लागल्या. चहा गार झाला त्यांचा. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण प्राचार्य महिनाभर सरांना नमस्कार करत नव्हते, एवढं खरं.

दिवस बदलले. लॅपटॉपला चकती घालायची फटच राहिली नाही. नवीन प्राचार्य आले. तरुण, चटपटीत, वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, "सर, डीव्हीडी आता कोण बघतं? सगळं मोबाइलवर आहे. त्या कपाटाच्या जागी डिजिटल लाउंज करू. डीव्हीडी बाद करून भंगारात." सर म्हणाले, "यातल्या निम्म्या मोबाइलवर सापडत नाहीत. मी पोरांना शोधायला लावल्यात. आणि उरणकडच्या पोरापोरींचं नेट महिन्याच्या वीस तारखेलाच संपतं." प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि बाद करायची तारीख ठरवली. सर निवृत्त होणार त्याच्या पुढचाच सोमवार.

मला इतका राग आला की मी डबा खाल्ला नाही. म्हटलं, सर, तुम्ही काहीतरी बोला, भांडा, अर्ज करा! सर शांतपणे लायब्ररीची नियमावली वाचत बसले होते. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. 'सभासदाच्या नावावर असलेली वस्तू परत आल्याशिवाय बाद करता येणार नाही.'

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पंगत वाढ."

तो शेवटचा आठवडा! लायब्ररीपासून खाली गेटपर्यंत रांग. आजी पोरं, माजी पोरं. नीलेश आला, त्याच्या कडेवर मुलगी होती. गोगलगायवाला आला, त्यानं हट्टानं जंगलाचीच नेली. हर्षदा आता शिक्षिका, ती एकटी पाच डीव्हीडी मागायला लागली; सरांनी एकच दिली, नियम म्हणजे नियम. आमचा शिपाई गजानन, शिरढोणचा, त्यानं बँकेच्या मुलाखतीची नेली. "सायेब, मी आता कुठं मुलाखत देनार?" तर सर म्हणाले, "घरी दे. बायकोसमोर कसं बसायचं ते कळेल." शुक्रवारी दुपारी एकच उरली. खाडीवरचे पक्षी. निवृत्त कर्मचाऱ्याला एक वस्तू महिनाभरासाठी नेता येते. सरांनी अर्ज भरला, माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या नावावर डीव्हीडी चढवली.

सोमवारी डीव्हीडी बाद करायला नेमलेल्या समितीनं कपाट उघडलं. प्राचार्यांनी नियम दोनदा वाचला आणि हसले बिचारे. म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. जशा परत येतील तशा. दर सोमवारी जी कपाटात सापडेल ती बाद." तेव्हापासून माझा हाच उद्योग. परत आलेली डीव्हीडी रविवारच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. लायब्ररी अजून रविवारी उघडी असते, आता मी उघडते. नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे. तरी काही गेल्याच. पुलाच्या खांबांची गेली, त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले.

सर महिन्याला मुदतवाढीसाठी यायचे. जुन्या पनवेलातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी एक प्लेअर उचलून आणला होता, तो स्वतः दुरुस्त केला. "वाढप्या जेवतोय," म्हणायचे. मुदतवाढीला सांगावं लागत नाही, सांगणं परत करताना. त्यामुळं मी विचारत नव्हते.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आले ते स्टीलचा डबा घेऊन. डब्यात मलिदा होता. गोड पोहे, खोबरं, वेलची, फळांच्या फोडी. बेने इस्रायल लोक शुभकार्याला, प्रवासाला निघताना तो करतात, एवढं मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. मी डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं निघालात?"

"मुलीकडे जातोय. इस्रायलला. गुडघे जिने चढू देत नाहीत, आणि ती एकट्याला राहू देत नाही."

"किती दिवस?"

"आता कायमचंच गं." त्यांनी खिशातून डीव्हीडी काढून टेबलावर ठेवली. "गाव सोडणाऱ्या सभासदानं सगळं जमा करायचं असतं. कर जमा."

मी डीव्हीडीकडे बघत राहिले. जमा केली की कपाटात. शनिवार-रविवार कॉलेजात प्रदर्शन, म्हणून लायब्ररीला टाळं, न्यायला कुणी येणार नाही, आणि माझ्या नावावर आधीच एक होती. सोमवारी पोत्यात. हे त्यांनाही ठाऊक होतं. सभासदाच्या नावावरची वस्तू बाद होत नाही हा नियम त्यांचा, आणि गाव सोडताना परत करायची हाही नियम त्यांचाच. बरोबर दोहोंच्या मध्ये सापडले होते आमचे सर. आणि नियम मोडतील तर ते चेऊलकर कसले!

मी खुर्ची पुढं ओढली. वही काढली.

"बसा, सर. सांगा."

ते एकदम पोरासारखे लाजले. मग बसले आणि सांगायला लागले. ओहोटीला चिखल कसा उघडा पडतो, मग एकेक करत पाखरं कशी उतरतात. चोच उलटी करून कशी खातात, म्हातारी म्हणाली होती तशी. पिल्लं आधी करडी असतात, रंग हळूहळू चढतो. कच्छकडून येतात, पावसाआधी निघतात आणि पुढच्या थंडीत त्याच चिखलात परत. "तारीख चुकवत नाहीत गं," म्हणाले, आणि थांबले. माझं पेन केव्हाच थांबलं होतं. असं सांगणं त्या वहीत एकही नव्हतं.

मी नाक पुसलं. आवाज होईल तेवढा करडा केला.

"बाकी ठीक. फ्लेमिंगोच्या पायांचा रंग कोणता?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्य या खाडीच्या काठी गेलेलं. ती फिल्म त्यांनी किती वेळा बघितली असेल देव जाणे, आणि आजीची कोलंबी त्यांच्याच अक्षरात त्याच वहीत, पुष्कळ पानं मागं. सरांनी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग खाकरून, अगदी नीलेशच्या आवाजात म्हणाले,

"हिरवे."

"बघितलेली नाहीत तुम्ही," मी म्हटलं. "जमा होणार नाही. घेऊन जा परत. नीट बघा."

मी मुदतवाढीचा शिक्का मारला. त्यांनी फ्लॅनेल काढलं, चकती मधून कडेकडे पुसली, खिशात ठेवली आणि उठले. जिना उतरायला त्यांना फार वेळ लागला. मी खिडकीशी गेले. गेटपाशी रिक्षा उभी होती, गजानननं त्यांना हात देऊन आत बसवलं. रिक्षा सुरू झाली, आणि तेवढ्यात त्यांनी घाईनं डोकं बाहेर काढलं, वर खिडकीकडे बघितलं आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडले,

"वैशाली! गुलाबी गं! गुलाबी!"

मी खिडकी लावून घेतली. मला काही ऐकू आलं नाही.